मनोगतिकी दृष्टिकोन: ठाणे आणि नवी मुंबईतील वाचकांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुढील प्रश्न नौपाड्यातील समुपदेशन कक्षात, वाशी-नेरुळच्या महाविद्यालयांतील व्याख्यानांनंतर आणि पालकांच्या सभांमध्ये पुन्हा पुन्हा विचारले गेलेले आहेत. उत्तरे लिहिताना मानसशास्त्र न शिकलेला वाचक डोळ्यांसमोर ठेवला आहे. उदाहरणांतील माणसे कल्पित आहेत. अनेकांच्या कहाण्यांतले धागे मोडून-जोडून ती उभी केली आहेत.

मनोगतिकी दृष्टिकोन म्हणजे नेमके काय?

माणसाच्या वागण्यामागे त्याला स्वतःलाही पुरत्या न उमगणाऱ्या इच्छा, भीती आणि राग असतात, ते एकमेकांशी झगडत असतात, आणि या झगड्यातून निघालेल्या तडजोडींतून त्याचा स्वभाव घडत जातो, असे मानणाऱ्या विचारपरंपरेला मनोगतिकी दृष्टिकोन म्हणतात. या परंपरेतल्या अभ्यासकांचे आपसांत टोकाचे मतभेद आहेत. तरीही मनाचा मोठा भाग जाणिवेबाहेर काम करतो, असह्य भावनांपासून मन स्वतःचा बचाव करते, बालपणीच्या जवळच्या नात्यांचा ठसा पुढे टिकतो आणि त्या जुन्या नात्यांचे साचे आपण आजच्या नात्यांवर नकळत बसवतो, एवढे बहुतेकांना मान्य असते. यांतले एकच ठेवा असे कोणी सांगितले, तर मी शेवटचे ठेवीन. बालपणात काय घडले हे आता बदलता येत नाही. पण तोच साचा आज, याच आठवड्यात, साहेबांशी किंवा सुनेशी बोलताना कसा उमटला, हे पाहता येते आणि उपचाराचे बरेचसे काम तिथेच होते.

मनोविश्लेषण, मनोगतिकी उपचार आणि फ्रॉइड हे सगळे एकच आहे का?

उगम एक आहे, प्रवाह अनेक आहेत. सिग्मंड फ्रॉइड यांचा जन्म १८५६ साली आज चेक प्रजासत्ताकात असलेल्या एका लहान गावी झाला आणि आयुष्याचा बहुतेक काळ त्यांनी व्हिएन्नात मज्जाविकारतज्ज्ञ म्हणून काढला. १८८५-८६ मध्ये पॅरिसला शार्को यांच्याकडे त्यांनी संमोहनाचे प्रयोग पाहिले. त्यांचे ज्येष्ठ सहकारी योसेफ ब्रॉयर यांनी 'अ‍ॅना ओ.' या टोपणनावाने प्रसिद्ध झालेल्या एका तरुणीवर उपचार केले होते, आणि १८९५ साली दोघांनी मिळून अशा रुग्णांविषयीचे पुस्तक प्रसिद्ध केले. आजारपणात त्या मुलीची जर्मन ही स्वतःची भाषाच काही काळ हरपली होती आणि ती इंग्रजीत बोलत असे. 'बोलण्याचा उपचार' हा शब्दप्रयोग तिनेच त्या भाषेत केला. बर्था पापेनहाइम हे तिचे खरे नाव, आणि पुढे स्त्रियांच्या हक्कांसाठी केलेल्या कामामुळे तिने स्वतःच्या बळावर नाव मिळवले. या शाखेचा इतिहास सांगताना डॉक्टरांची नावे आधी येतात, पण पद्धतीला नाव रुग्णाने दिले हे विसरू नये.

आल्फ्रेड आडलर १९११ साली फ्रॉइडपासून वेगळे झाले आणि कार्ल युंग १९१३ साली. आपण रोजच्या बोलण्यात वापरतो ती न्यूनगंडाची कल्पना आडलर यांची, तर अंतर्मुख आणि बहिर्मुख ही विभागणी युंग यांची. पुढे मेलनी क्लाइन, डोनल्ड विनिकॉट, एरिक एरिक्सन, करेन हॉर्नी यांनी आपापल्या दिशा धरल्या. मनोविश्लेषण हा शब्द काटेकोरपणे वापरायचा तर आठवड्यातून चार-पाच वेळा, कोचावर आडवे होऊन, वर्षानुवर्षे चालणारी पद्धत असा त्याचा अर्थ होतो. मनोगतिकी उपचारात आठवड्यातून एक किंवा दोन बैठका असतात, समोरासमोर बसून बोलणे होते आणि कालावधीही कमी असू शकतो. ठाण्यात किंवा नवी मुंबईत कोणी हे काम करत असेल, तर ते जवळपास नेहमी या दुसऱ्या प्रकारचे असते.

अबोध मन खरोखर असते याला काही पुरावा आहे का?

हा प्रश्न दोन भागांत विचारायला हवा, कारण एका भागाचे उत्तर भक्कम आहे आणि दुसऱ्याचे तितके नाही.

जाणिवेबाहेर मन काम करते, हे निर्विवाद आहे. स्विस मानसशास्त्रज्ञ एदुआर क्लापारेद यांनी १९११ साली नोंदवलेला प्रसंग प्रसिद्ध आहे. नवीन काहीच लक्षात न राहणाऱ्या एका रुग्ण स्त्रीशी हस्तांदोलन करताना त्यांनी बोटांत टाचणी लपवली होती. पुढच्या भेटीत तिला ते आठवले नाहीत, टाचणीही आठवली नाही, पण तिने हात मागे घेतला. कारण विचारल्यावर, कधी कधी लोकांच्या हातात टाचण्या असतात, अशा आशयाचे काहीसे तिने सांगितले. आठवण नाही, तरी आठवणीचा परिणाम आहे. आणखी एक उदाहरण १९७७ सालचे. निसबेट आणि विल्सन या अमेरिकी संशोधकांनी दुकानात अगदी एकसारख्या मोज्यांचे चार जोड मांडून लोकांना सर्वांत चांगला जोड निवडायला सांगितले. लोकांचा कल स्पष्टपणे उजव्या टोकाच्या जोडाकडे होता; कारण मात्र त्यांनी विणीचे, पोताचे, दर्जाचे सांगितले. जागेमुळे निवडला, असे कोणीच म्हटले नाही. लोक खोटे बोलत नव्हते. खरे कारण त्यांना ठाऊकच नव्हते, आणि मनाने एक पटेलसे कारण पुरवले होते.

आता दुसरा भाग. फ्रॉइड यांचा दावा याहून मोठा होता: काही गोष्टी जाणिवेबाहेर राहतात, कारण त्या वेदनादायक असतात आणि मन त्यांना मुद्दाम दाबून ठेवते. प्रयोगशाळेत हे सिद्ध करणे कठीण ठरले आहे. भावनांकडे पाहायचे टाळण्याच्या सवयीचे पुरावे चांगले आहेत. संपूर्ण आठवण जशीच्या तशी गाडली जाते आणि वर्षांनी उपचारांत ती अखंड बाहेर येते, या कल्पनेचे पुरावे कमकुवत आहेत. सूचक प्रश्न विचारून खोट्या आठवणीही निर्माण होऊ शकतात, हे एलिझाबेथ लॉफ्टस यांच्या कामातून स्पष्ट झाले आहे. म्हणून 'तुमच्या बालपणात काहीतरी भयंकर घडलेले असणार, आठवा' असे कोणी सांगू लागले, तर त्या खोलीतून उठून यावे.

इदम्, अहम् आणि पराहम् मेंदूत कुठे असतात?

कुठेही नसतात. १९२३ साली फ्रॉइड यांनी मांडलेली ही तीन कामांची नावे आहेत: तत्काळ हवे असणे, परिस्थिती पाहून जमवून घेणे, आणि चांगल्या-वाईटाच्या तराजूत स्वतःला तोलणे. परीक्षेसाठी यांच्या व्याख्या पाठ कराव्या लागतात, ते ठीक. प्रत्यक्ष कामात मात्र एवढेच पाहिले जाते, की या माणसाच्या आत सतत कोण कोणाला दटावते आहे. आपल्याकडे येणाऱ्यांत अतोनात कडक पराहम् असलेली माणसे फार भेटतात. रविवारी दुपारी तासभर झोपल्याबद्दलही त्यांना अपराधी वाटते.

संरक्षण यंत्रणा म्हणजे काय? त्या मोडून काढायच्या असतात का?

असह्य भावनेपासून मन ज्या नकळत केलेल्या युक्त्यांनी स्वतःला वाचवते, त्यांना संरक्षण यंत्रणा म्हणतात. मुळात ही कल्पना सिग्मंड फ्रॉइड यांची असली, तरी तिची नीट मांडणी त्यांची मुलगी अ‍ॅना हिने १९३६ साली केली. दमन, प्रक्षेपण (स्वतःच्या मनातली भावना दुसऱ्याच्या माथी मारणे), विस्थापन, नकार, समर्थन, प्रतिगमन, उदात्तीकरण (नकोशी ऊर्मी चांगल्या कामाकडे वळवणे) ही नावे बहुतेकांच्या कानांवरून गेलेली असतात. यादी पाठ असूनही प्रत्यक्षात यंत्रणा ओळखता येत नाही, असा अनुभव विद्यार्थ्यांना येतो, कारण खऱ्या आयुष्यात तिच्यावर नावाची चिठ्ठी चिकटवलेली नसते.

एक उदाहरण जरा सविस्तर पाहू. वाशीच्या एका कंपनीत हिशेब पाहणाऱ्या, पस्तिशीतल्या एक बाई. आई गेली, तेरावे झाले आणि चौदाव्या दिवशी त्या कामावर हजर. सगळ्यांनी कौतुक केले. त्या रडल्या नाहीत. आईचे आजारपण त्या दिनांक, औषधांची नावे आणि रुग्णालयाची बिले यांच्या अचूक तपशिलांसह सांगतात, जणू शेजारच्या घरातली हकिगत असावी. मग दर रविवारी स्वयंपाकघराच्या मांडणीवरचे सगळे डबे उतरवून, घासून, पुसून, आई लावत असे त्याच क्रमाने लावणे सुरू झाले. एकदा भावाने गूळ काढून डबा पोह्यांच्या डब्याच्या जागी ठेवला आणि त्या इतक्या भडकल्या, की पुढे दोन आठवडे घरात अबोला. "घर जागच्या जागी असलं की मला बरं वाटतं, बाकी काही नाही," एवढेच त्या म्हणतात.

इथे काय चालले आहे? आईच्या मरणाची माहिती शाबूत आहे, तिच्याशी जोडलेली भावना तेवढी वेगळी काढून ठेवली आहे. याला पृथक्करण म्हणतात. ती भावना नाहीशी झालेली नाही, डब्यांकडे सरकली आहे. डबे त्या क्रमाने आहेत तोवर काहीतरी अजून गेलेले नाही, आणि म्हणून भावाचा हात लागताच आकाश कोसळते. भावाने 'एवढ्याशा गोष्टीवरून' म्हणणे साहजिक आहे, आणि बाईंना तो निष्ठुर वाटणेही साहजिक आहे.

आता मोडून काढण्याविषयी. या बाईंना पहिल्याच बैठकीत 'तुम्ही दुःख दडपता आहात' असे सांगणे क्रूरपणाचे ठरेल आणि निरुपयोगीही. बचाव उभा राहिला तो गरज होती म्हणून. भावना पेलण्याइतका आधार तयार झाला, की तो हळूहळू सैल पडतो. शिवाय सगळे बचाव सारखे नसतात. हार्वर्ड विद्यापीठात १९३८ साली सुरू झालेल्या एका दीर्घकालीन अभ्यासात २६८ तरुणांचा आयुष्यभर माग ठेवला गेला. त्याचे संचालक जॉर्ज व्हेलंट यांनी बचावांची अपरिपक्व ते परिपक्व अशी उतरंड लावून दाखवली, की विनोद, उदात्तीकरण, परोपकार यांसारखे बचाव वापरणाऱ्यांचे पुढचे आयुष्य, नाती आणि काम या दोन्ही बाबतींत, अधिक सुस्थितीत असते. ते सगळे पुरुष होते आणि हार्वर्डचे विद्यार्थी होते, हे लक्षात घेऊनही ही नोंद मोलाची आहे. बचाव असणे हा आजार नव्हे. एकच बचाव सगळीकडे, सगळ्यांशी, न थांबता वापरावा लागणे ही अडचण होय.

मौखिक, गुद, लैंगिक या अवस्था आजही मानल्या जातात का?

फ्रॉइड यांनी सांगितल्या त्या स्वरूपात फार थोडे लोक मानतात. विशिष्ट वयातल्या दूध तोडण्यामुळे किंवा शी-शूच्या सवयी लावण्यामुळे ठरावीक स्वभाव बनतो, याला संशोधनाचा आधार मिळालेला नाही. इडिपस गंड, म्हणजे लहान मुलाला आईची ओढ आणि वडिलांविषयी चढाओढ वाटणे, सर्व समाजांत सारखाच असतो, हेही आता गृहीत धरले जात नाही. एरिक्सन यांनी १९५० साली मांडलेल्या, जन्मापासून वार्धक्यापर्यंतच्या आठ मनोसामाजिक टप्प्यांचा उपयोग शिक्षक आणि पालक यांना जास्त होतो.

म्हणजे शेवटी सगळा दोष आईचाच ना?

हा प्रश्न बहुधा आयाच विचारतात, आणि विचारताना त्यांचा आवाज बदललेला असतो. त्यांची तक्रार रास्त आहे. विसाव्या शतकाच्या मध्यावर या परंपरेतल्या काहींनी स्वमग्नता आणि स्किझोफ्रेनिया यांसारख्या अवस्थांचे खापर थंड किंवा विसंगत वागणाऱ्या आईवर फोडले. ते साफ चुकीचे होते, आणि त्याने असंख्य कुटुंबांना विनाकारण यातना झाल्या.

पण याच परंपरेत लंडनचे बालरोगतज्ज्ञ विनिकॉटही होऊन गेले. परिपूर्ण आईची मुलाला गरज नसते, पुरेशी चांगली आई हवी, असे ते सांगत. बाळाच्या गरजेला आधी जवळजवळ पूर्ण प्रतिसाद देणारी आणि नंतर, बाळाला पेलेल त्या बेताने, चुकत-माकत, कमी प्रतिसाद देत जाणारी. त्या छोट्या छोट्या चुकांतूनच मूल जगाशी जुळवून घ्यायला शिकते. जॉन बोल्बी यांनी आसक्तीचा, म्हणजे सांभाळणाऱ्या व्यक्तीशी बाळाच्या जडणाऱ्या जिव्हाळ्याचा, सिद्धांत मांडला, आणि मेरी एन्सवर्थ यांनी साधारण एक ते दीड वर्षाच्या मुलांना आईपासून काही मिनिटे दूर ठेवून, ती परतल्यावर मूल काय करते हे पाहण्याची पद्धत घालून दिली. आई गेल्यावर मूल किती रडते यापेक्षा ती आल्यावर ते शांत होते का, ही बाब अधिक बोलकी ठरली.

आपल्याकडे यात आणखी एक गोष्ट मिळवावी लागते. ऐरोलीच्या दोन खोल्यांत किंवा घोडबंदर रस्त्यावरच्या संकुलात वाढणाऱ्या मुलाला आईबरोबर आजी, आत्या, काकू, सांभाळणाऱ्या मावशी आणि पाळणाघराच्या ताई असतात. आई-बाळाच्या बंद जोडीवर रचलेला सिद्धांत इथे जसाच्या तसा बसत नाही. एरिक्सन यांच्याबरोबर काम केलेले आणि फ्रँकफर्टला मनोविश्लेषणाचे प्रशिक्षण घेतलेले सुधीर कक्कर यांनी भारतीय कुटुंबातील मनोघडणीवर आयुष्यभर लेखन केले, ते याच जाणिवेतून. अनेकींच्या मांडीवर वाढलेल्या मुलाला एका व्यक्तीचा अभाव सोसणे सोपे जाते, असे मला निरीक्षणातून वाटते. मात्र पुढे 'हा माझा निर्णय' असे म्हणणे त्यालाच अवघड जाते.

स्वप्नांचे अर्थ लावता येतात का? साप दिसला तर काय?

साप दिसला, तर सापाविषयी तुम्हाला काय काय आठवते, हे विचारावे लागते. स्वप्नकोशातून ठरावीक अर्थ काढण्याच्या पद्धतीला फ्रॉइड यांनीच विरोध केला होता, जरी ते स्वतः काही प्रतीकांच्या मोहात पडले. त्यांचा स्वप्नांवरचा ग्रंथ १८९९ च्या नोव्हेंबरात बाहेर पडला, पण प्रकाशकाने त्यावर १९०० साल छापले. स्वप्नाची दिसणारी कथा आणि तिच्याआड दडलेला विचार असा भेद त्यांनी केला, आणि प्रत्येक स्वप्न हे इच्छापूर्ती असते असा दावा केला. दावा टिकला नाही. झोपेतील डोळ्यांच्या जलद हालचालींचा टप्पा १९५३ साली उजेडात आला, आणि १९७७ साली हॉब्सन व मॅककार्ली यांनी मांडले, की मेंदूच्या खालच्या भागातून आपोआप उठणाऱ्या संकेतांना जुळवून मेंदू कथा रचतो. तेही संपूर्ण उत्तर नसल्याचे पुढे दिसले. आज बैठकीत कोणी स्वप्न सांगितले तर ते ऐकले जाते, त्यातल्या भावनेवर बोलले जाते, आणि अर्थाचा अंतिम निकाल कोणी देत नाही.

तोंडून चुकून निघालेला शब्द खरी इच्छा सांगतो का?

कधी कधी. फ्रॉइड यांनी १९०१ साली दिलेले एक उदाहरण मार्मिक आहे: ऑस्ट्रियाच्या संसदेतील सभाध्यक्षांनी, कामकाजातून काही चांगले निघेल अशी आशा नसल्याने, बैठक सुरू झाली म्हणण्याऐवजी बैठक संपली असे जाहीर केले. पण बहुतेक वाक्चुका उच्चारांच्या गोंधळातून किंवा थकव्यातून होतात. जुलै महिन्यात ठाण्यातल्या समुपदेशकाकडे कोणी छत्री विसरले, तर तिथे पुन्हा येण्याची सुप्त इच्छा शोधण्याआधी पाऊस थांबला होता का, हे पाहावे.

फ्रॉइड चुकीचे ठरले आहेत ना? मग हे अजून शिकवतात कशाला?

फ्रॉइड अनेक बाबतींत चुकले, आणि स्त्रियांविषयीच्या त्यांच्या काही मतांचे समर्थन करण्याचा प्रयत्नही करू नये. तत्त्वज्ञ कार्ल पॉपर यांचा आक्षेप अधिक मूलभूत आहे: रुग्णाने अर्थ मान्य केला तर सिद्धांत खरा, आणि नाकारला तर तो प्रतिरोध, म्हणजे खरे मानायला मनाने केलेला विरोध, म्हणून पुन्हा सिद्धांतच खरा; जो कशानेही खोटा ठरू शकत नाही, तो विज्ञानात बसत नाही. या आक्षेपाला या परंपरेतल्या अनेकांनी बराच काळ उत्तर देण्याचे टाळले, आणि त्याची किंमत मोजली.

उपचारांच्या परिणामाची कथा वेगळी आहे. हान्स आयझेंक यांनी १९५२ साली २४ अभ्यास एकत्र पाहून लिहिले, की मनोविश्लेषणाने ४४ टक्के रुग्ण सुधारले, तर विशेष मानसोपचार न मिळालेले ७२ टक्के. खळबळ माजली. पण त्यांनी उपचार मध्येच सोडलेल्यांना न सुधारलेल्यांत धरले होते, आणि दोन्ही गटांतले रुग्ण तुलनेजोगे नव्हते. तरी त्या लेखाचा एक फायदा झाला. उपचारांची कसोटी घेण्याची सवय लागली. २०१० साली जोनाथन शेडलर यांनी तोवरचे पुरावे मांडून दाखवले, की मनोगतिकी उपचारांचा परिणाम इतर मान्यताप्राप्त उपचारांच्या तोडीचा असतो आणि उपचार संपल्यावरही काही काळ वाढत राहतो. २०१३ साली ॲमस्टरडॅममध्ये नैराश्याच्या ३४१ रुग्णांवर बोधात्मक वर्तनोपचार (विचार आणि वागणे बदलण्यावर भर देणारी पद्धत) आणि मनोगतिकी उपचार यांची तुलना झाली. दोहोंत लक्षणीय फरक आढळला नाही. मात्र उपचारांअखेरीस लक्षणमुक्त झालेल्यांचे प्रमाण दोन्ही मिळून २२.७ टक्केच होते, आणि हा आकडा दोन्ही बाजूंच्या समर्थकांनी भिंतीवर लिहून ठेवावा असा आहे. औषधांना दाद न देणाऱ्या जुनाट नैराश्यावर लंडनच्या टॅव्हिस्टॉक संस्थेत १८ महिन्यांचा उपचार करून २०१५ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले: ४२ महिन्यांनंतर अंशतः सुधारणा उपचारगटात ३० टक्के, तर नेहमीच्या उपचारांच्या गटात ४.४ टक्के. सीमावर्ती व्यक्तिमत्त्वाच्या, म्हणजे भावना आणि नाती सतत टोकाला जाण्याच्या, त्रासासाठी केर्नबर्ग, तसेच बेटमन आणि फोनागी यांनी विकसित केलेल्या पद्धतींनाही चांगला आधार आहे.

भारतात हे कधी आले? आणि महाराष्ट्रात इतके कमी का ऐकू येते?

भारतात ते फार लवकर आले. गिरींद्रशेखर बोस यांनी १९२२ साली कोलकात्यात भारतीय मनोविश्लेषण संस्था स्थापन केली. ते कधी व्हिएन्नाला गेले नाहीत. फ्रॉइड यांच्याशी त्यांचा पत्रव्यवहार मात्र अनेक वर्षे चालला, आणि त्यात त्यांनी आपले भारतीय रुग्ण युरोपीय सिद्धांतात बसत नाहीत, हे अदबीने पण स्पष्टपणे सांगितले. फ्रॉइड यांच्या पंचाहत्तरीला, १९३१ साली, कोलकात्याहून विष्णूची हस्तिदंती मूर्ती गेली आणि ती त्यांच्या टेबलावर असे.

महाराष्ट्रात मात्र सुशिक्षित वाचकाला मानसोपचार म्हटले, की अल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ पद्धत आठवते. याचे श्रेय मोठ्या प्रमाणात कि. मो. फडके यांच्या लेखनाला आणि अध्यापनाला, आणि ठाण्यापुरते बोलायचे तर १९९० पासून काम करणाऱ्या डॉ. आनंद नाडकर्णी यांच्या आयपीएच संस्थेलाही जाते. विचार तपासा, आग्रह सोडा, ही भाषा आपल्या सुधारकी परंपरेला जवळची वाटली असावी. एलिस स्वतः आधी मनोविश्लेषण करत असत आणि त्याच्या संथपणाला कंटाळून बाहेर पडले. दोन्ही पद्धतींत वैर मानण्याचे कारण नाही. विवेकाने पटलेले वर्तनात उतरत नाही, असे सांगणारी माणसेच बहुधा मनोगतिकी उपचारांकडे वळतात.

प्रत्यक्ष बैठकीत काय होते?

मनात येईल ते, निवड न करता, शक्य तितके मोकळेपणाने बोलावे, एवढी एकच अपेक्षा असते. ती ऐकायला सोपी आणि पाळायला महाकठीण असते. समुपदेशक कमी बोलतो, सल्ला क्वचित देतो. पहिल्या काही भेटींत 'मॅडम, तुम्ही काहीच सांगत नाही' ही तक्रार ठरलेली.

चाळिशीतले एक गृहस्थ घ्या. नेरुळहून ट्रान्स-हार्बरने संध्याकाळी ठाण्याला येतात. चार नोकऱ्या सोडल्या. प्रत्येक वेळी वरिष्ठांनी कौतुक करून बढती दिल्यावर काही महिन्यांतच. बैठका नियमित चालू असतात. एके दिवशी निघताना समुपदेशिका म्हणते, की आज तुम्ही फार नेमके बोललात. पुढच्या आठवड्यात ते येत नाहीत. गाडी चुकल्याचा निरोप येतो. त्यापुढच्या आठवड्यात वीस मिनिटे उशिरा येतात आणि फी द्यायची विसरतात. तिसऱ्या आठवड्यात ते हसत म्हणतात, "मी विचार करतोय, आता थांबावं का? तसं बरंय आता."

समुपदेशिका विचारते, "मागे मी तुमचं कौतुक केलं होतं. त्यानंतर इथं यायला जड जातंय का?"

ते बराच वेळ गप्प राहतात. मग म्हणतात, "कौतुक केलं की समोरचा काहीतरी मागणार असं वाटतं. आमचे अण्णा तसेच होते. शाबास म्हणाले, की पुढचं वाक्य ठरलेलं असायचं."

याला भावसंक्रमण म्हणतात. वडिलांशी असलेल्या नात्याचा साचा समुपदेशिकेवर बसला, आणि या वेळी तो घडत असतानाच दोघांना दिसला. चार राजीनाम्यांविषयी शंभर वेळा बोलून जे हाती लागले नसते, ते चुकलेल्या एका गाडीतून लागले. समुपदेशकाच्या मनातही अशा वेळी चीड, कंटाळा, वाजवीपेक्षा अधिक काळजी उमटते. तिला प्रतिसंक्रमण म्हणतात आणि तिच्याकडे माहिती म्हणून पाहण्याचे शिक्षण घ्यावे लागते.

किती काळ लागतो? घरी एकांत नसेल तर ऑनलाइन चालते का?

एक बैठक साधारण ४५ ते ५० मिनिटांची असते आणि शक्यतो दर आठवड्याला ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी होते. एका नेमक्या अडचणीवर काही महिन्यांचा अल्पकालीन उपचार होऊ शकतो. स्वभावातच मुरलेल्या गोष्टींना वर्ष किंवा अधिक काळ लागतो. फी, रद्द केलेल्या बैठकीचा नियम आणि सुट्ट्या यांविषयी पहिल्याच भेटीत स्पष्ट विचारावे. ऑनलाइन बैठका चालतात, फक्त भिंतीपलीकडे कोणी ऐकत नसावे. घरात सासू-सासरे असल्यामुळे सोसायटीच्या पार्किंगमध्ये गाडीत बसून, काचा वर करून बोलणाऱ्या अनेकजणी आहेत. ही तडजोड वाईट नाही. मात्र बैठक संपल्यावर लगेच लिफ्टने वर जाऊन कुकर लावण्याआधी दहा मिनिटे तिथेच बसून राहावे.

हा उपचार कोणासाठी योग्य नाही?

भास होत असतील, वास्तवाचे भान सुटत असेल, मूड अतिरेकी वर-खाली जात असेल, व्यसनाची माघार-लक्षणे असतील किंवा खाणे-झोपणे पार कोलमडले असेल, तर आधी मनोविकारतज्ज्ञाकडे जावे. औषधे आणि बोलण्याचा उपचार एकत्र चालू शकतात. ठाण्याचे प्रादेशिक मनोरुग्णालय १९०१ पासून कार्यरत आहे, आणि तेथील बाह्यरुग्ण विभागात जायला संकोच वाटू नये. 'ठाण्याला पाठवा' हा विनोद ऐकत मोठ्या झालेल्या पिढीला हे विशेष सांगावे लागते. जीव नकोसा वाटत असेल, तर पुढच्या ठरलेल्या बैठकीची वाट न पाहता १४४१६ या टेलि-मानस क्रमांकावर कोणत्याही वेळी फोन करावा, आणि धोका तातडीचा असेल तर जवळच्या रुग्णालयात जावे. मंत्रचळासारख्या (तेच विचार, त्याच कृती पुन्हा पुन्हा होण्याच्या) त्रासासाठी वर्तनोपचाराचे पुरावे अधिक भक्कम आहेत. तिथे मनोगतिकी उपचार पहिली निवड असू नये.

पात्र व्यक्ती कशी ओळखावी?

मनोविकारतज्ज्ञ वैद्यकीय पदवीधर असतात आणि औषधे देऊ शकतात. चिकित्सा मानसशास्त्रज्ञाची नोंदणी भारतीय पुनर्वसन परिषदेकडे असते आणि क्रमांक मागण्यात काही गैर नाही. 'समुपदेशक' ही पाटी मात्र कोणीही लावतो, म्हणून शिक्षण, मनोगतिकी पद्धतीचे वेगळे प्रशिक्षण आणि ज्येष्ठांच्या देखरेखीखाली काम केले आहे का, हे विचारावे. स्वतः कधी उपचारांच्या खुर्चीवर बसला आहात का, हाही या परंपरेत वैध प्रश्न आहे, कारण मनोविश्लेषकाला आधी स्वतःचे विश्लेषण करून घ्यावे लागते. गोपनीयता हा २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने दिलेला हक्क आहे. तुमच्याविषयी तुमच्या नातेवाइकांशी परस्पर बोलणारा, बैठकीबाहेर मैत्री वाढवणारा किंवा तुम्ही घेतलेली शंका प्रत्येक वेळी 'प्रतिरोध' म्हणून मोडीत काढणारा समुपदेशक टाळावा.

हे वाचून मला नवऱ्याच्या संरक्षण यंत्रणा दिसू लागल्या आहेत. त्याला सांगू का?

सांगू नये. 'तू प्रक्षेपण करतोयस' हे वाक्य भांडणात उच्चारले, की ते केवळ जरा शिकलेले टोमणे मारणे होते, आणि समोरचा आपला बचाव आणखी घट्ट करतो. बैठकीत हेच निरीक्षण उपयोगी पडते, कारण तिथे समोरच्याने त्यासाठी संमती दिलेली असते, वेळ राखलेला असतो आणि ऐकणाऱ्याचे त्यात स्वतःचे काही अडलेले नसते. घरात यांतले काहीही नसते. नवरा एखाद्या विषयावर दर वेळी तडकतो असे दिसत असेल, तर तो विषय निघाल्यावर तुम्ही स्वतः काय करता, आवाज चढवता, माघार घेता की मुलांना मध्ये आणता, एवढे पाहणे तुमच्या हाती आहे. तेवढे काही आठवडे पाहून लिहून ठेवले आणि पुढे दोघांनी मिळून कोणाकडे जायचे ठरवले, तर ती वही पहिल्याच भेटीत फार कामी येते.